मालनबाईची काट्याची बांधी

"माया बापानं ही बांधी काटे लावाले ठेवली होती का व?"

तेजराम धुऱ्यावर, शेताच्या बांधावर उभा राहून ओरडत होता आणि मालनबाई टोंगळाभर चिखलात गुडघे बुडवून, वाकून रोपं लावत होती. आषाढातलं आभाळ अगदी डोक्यावर टेकलं होतं. चहूकडच्या बांध्यांत, म्हणजे खाचरांत, धानाचा रोवणा चालू होता, बाया ओळीनं मागं मागं सरकत होत्या, आणि या एका बांधीत मालनबाई एकटीच तीन-तीन हातांवर एकेक रोप खोचत चालली होती. रोप तरी कसलं, दोन-चार पानं आणि त्यांवर मांजरीच्या नखासारखे काटे.

"बापानं धान लावाले ठेवली होती," मान वर न करता ती म्हणाली. "धानानं काय केलं थे सांगा. मागच्या साली काय पिकलं?"

"मागच्या साली पाणी जास्त झालं."

"त्याच्या मागच्या साली?"

"त्या साली बी पाणीच."

"अन् आपलं लगन झालं त्या साली?"

लग्न झालं त्या साली या बांधीत फक्त बेडकं पिकली होती, आणि नवी नवरी पहिल्या रात्री त्यांचं ओरडणं ऐकून माहेरी जायचं म्हणत होती, हे तेजरामलाही आठवत होतं.

साकोलीवरून आत, जंगलाच्या अंगाला कोहळटोला गाव. गावाला मोठा तलाव, तलावाला मातीची उंच पाळ, आणि पाळीच्या बरोबर बुडाशी तेजरामची ही बांधी. तलावाचं पाणी पाळीखालून बारा महिने झिरपायचं ते याच बांधीत येऊन बसायचं. धान गळ्याइतक्या पाण्यात उभं राहून कुजायचं. गावात या जमिनीला बांधी कोणी म्हणतच नसे, तेजरामचं डबकं म्हणत.

तर उन्हाळ्यात रुचिता मॅडम आली. कृषी सहायक म्हणून नवीनच लागलेली, पवनीकडची पोरगी, स्कूटीवर हेल्मेट घालून हिंडायची. तिनं गावच्या बुद्धविहारात बायांची मीटिंग घेतली आणि विचारलं, "ज्या जमिनीत पाणी साचून राह्यते, धान होत नाही, अशी जमीन कोणाकडे आहे?"

बाया एकमेकींकडे पाहून हसल्या. ढोरबाजारात कोणी येऊन लंगडा बैल आहे का म्हणून विचारावं, तशातली गत. पण मालनबाईनं हात वर केला.

"मॅडम, मायाकडं अशी जमीन हाये का, तुमी पाह्यली तं खूश होसान."

रुचितानं पाहिली आणि खरंच खूश झाली. म्हणाली, इथं मखाणा लावा. बिहारात लावतात, आपल्या इकडं कोणी लावत नाही. पाण्यातच येतो, पाणी जितकं थांबेल तितका बरा. उपासाला खातात तो पांढरा मखाणा. बियाणं मी आणून देते, रोपं कशी करायची ते शिकवते.

तशी ही काट्याची रोपं आली, आणि तशी आज धुऱ्यावर तेजरामची बोंब चालू होती.

"लोक हासून राह्यले, मालन."

"हासू द्या ना. आपल्या बांधीनं आजवर लोकाइले धान देल्लं नाई, निदान हासू तं देल्लं."

तेजरामनं बिडी पेटवली आणि जाताना गावभर सांगत गेला की थे पीक तिचं हाये, मायं नाई.

श्रावणात पानं मोठी झाली. आधी ताटाएवढी, मग परातीएवढी, मग सुपाहून मोठी. हिरवी, सुरकुतलेली, पाण्यावर पसरलेली. वरून काटे, खालून काटे, देठाला काटे. मधूनच एखादं जांभळं फूल पान फाडून वर यायचं, त्याच्याही गळ्याशी काटे. गाव पाहायला लोटलं. चक्कीवर दळण घेऊन गेली की बाया विचारायच्या, "काय व मालन, पुढच्या साली बाभूळ लावतेस का?"

"लावीन ना. तुया घराच्या वाटेवर," असं म्हणून ती आपलं पीठ डोक्यावर घ्यायची.

एका माणसाला मात्र हसू येत नव्हतं. ते म्हणजे भय्याजी.

भय्याजी गावातला जुना मातब्बर. पांढरा पायजमा, पांढरा सदरा आणि जिभेवर सदा गूळ. गोड बोलता बोलता पाट्यावरचा वरवंटा उचलून नेईल आणि तुम्ही दारापर्यंत पोचवायला जाल, असा माणूस. तलावाच्या पाणीवाटपाच्या समितीचा तोच अध्यक्ष. तलावाचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं तोंड, कधी उघडायचं नि कोणाच्या बांधीला पहिलं पाणी द्यायचं हे तोच ठरवायचा. तेजरामच्या बांधीला लागून खालच्या अंगाला त्याची बोडी, म्हणजे लहान तळं होतं, त्यात तो मासे पाळायचा. ही वरची बांधी मिळाली तर बोडी दुप्पट होईल, हा हिशेब तो पंधरा वर्षं मनात घोळवत होता.

"मालनबाई," तो एकदा म्हणाला, "कायले काट्यात जीव घालतेस? थे बांधी मले दे. त्याच्या बदल्यात तुले टेकडीवर मुरमाड जागा देतो."

"मुरमाडावर काय पिकवू जी? मुरूम?"

"घर बांधजो."

"घर हाये. पोट बी हाये. पोटासाठी बांधी लागते."

भय्याजी हसला. पण त्याचं हसू दातांच्या आत गेलं नाही.

भादव्यात पावसानं दडी मारली. ऊन असं पडलं की पाळीवरची माती भेगाळली. एका सकाळी मालनबाई बांधीवर गेली तर पाणी वीतभर उतरलेलं. कडेची पानं चिखलाला चिकटून पापडासारखी पडली होती. तिनं धुरा फिरून पाहिला. भय्याजीच्या बोडीच्या बाजूला धुऱ्याला भोक पडलं होतं आणि तिच्या बांधीचं पाणी खळखळत बोडीत जात होतं.

तिनं चिखल आणि पळसाची पानं लावून भोक बुजवलं. दोन दिवसांनी तेच भोक परत उघडं. तशी ती सरळ भय्याजीच्या अंगणात गेली. चार माणसं चहा पीत बसली होती.

"भय्याजी, तुमच्या बाजूनं धुरा फुटून राह्यला."

"खेकडे, मालनबाई. यंदा खेकडे मोठे मातले."

"खेकड्याचं भोक गोल असते जी. हे चौकोनी हाये."

"शिकलेला खेकडा असन," भय्याजी म्हणाला. चारही माणसं खो खो हसली.

आणि मालनबाईही हसली. पदर तोंडाला लावून, मान हलवून, चांगली मनापासून हसली. मालनबाई रागावली तर घरात कोणी घाबरत नसे. ती अशी हसली की मात्र तेजराम चपला घालून बाहेर सटकायचा. पण भय्याजीला ते काय ठाऊक.

घरी जाण्याआधी ती चक्कीवर गेली. दळण नव्हतंच, रिकामीच गेली. तिथं सुमनबाई होती, आणि सुमनबाईला सांगितलेली गोष्ट गावाला सांगायला दुसरं माणूस लागत नसे.

"त्या खेकड्याचं भलं होवो बाई," मालनबाई म्हणाली.

"काहून व?"

"अव, भोक पाडलं ना त्यानं! पाणी खाली जाते, अन् मासे पाण्याच्या उलटे वर चढतेत. भय्याजीचे रोहू सारे आमच्या बांधीत आले. हातभर-हातभर! पानाखाली लपून राह्यतेत. वरून काटे, तं बगळा बी धरत नाई. मी म्हणलं, राहू द्या. दिवाळीले काढू."

आता खोटं असं त्यात फार नव्हतं. बोटभर लांबीचे तीन-चार मासे तिनं खरंच पाहिले होते. बोटाचा हात तेवढा तिनं केला. सुमनबाईनं घरी जाईपर्यंत हाताचा टोंगळा केला आणि संध्याकाळी भय्याजीच्या कानावर गेलं तेव्हा रोहू लेकराएवढे झाले होते.

भय्याजीची पंचाईत अशी की तोंड उघडता येईना. माझे मासे तुझ्या बांधीत गेले म्हणावं तर ते गेले कुठून? भोकातून. भोक कोणी पाडलं? आणि शिकलेल्या खेकड्याची गोष्ट तर त्यानं चार माणसांत सांगून ठेवलेली. दोन दिवस तो बोडीच्या काठाशी बसून पाण्याकडे पाहत राहिला. मासे काही मोजता येत नाहीत. जितकं पाहावं तितके ते कमीच वाटू लागले.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी, माणसं जेवायला घरी गेलेली, ढोरं झाडाखाली बसलेली, तेव्हा भय्याजी हातजाळं आणि थैली घेऊन धुऱ्यावर आला. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. चपला काढून धुऱ्यावर नीट जोडीनं ठेवल्या. पायजमा टोंगळ्यापर्यंत दुमडला आणि हलकेच पाण्यात उतरला.

पाळीवर येनाच्या झाडामागं मालनबाई भाताचा डबा घेऊन बसली होती. तीन दुपारी ती तिथंच बसत होती.

पहिली दोन पावलं भय्याजी पानांच्या मधल्या फटीतून चांगला गेला. तेवढ्यात एका पानाखाली डुबुक आवाज झाला. बेडूक होतं ते. पण ज्याच्या मनात रोहू, त्याच्या कानातही रोहूच. त्यानं जाळं टाकलं आणि अंगही टाकलं. त्याबरोबर वरचं पान पोटऱ्यांना लागलं, खालचा देठ मांड्यांत अडकला, मागं सरकावं तर मागचं पान. पाय वर काढायला गेला तर दुसरा पाय चिखलात पोटरीपर्यंत रुतला. "आय आय आय," एवढाच आवाज पाळीवर ऐकू आला.

मालनबाईनं एक घास खाल्ला, पाणी प्यायली, डबा नि विळा घेतला आणि सावकाश खाली उतरली.

"कोण हाये व तिकडं? भय्याजी का? आंघोळ चालू हाये का जी?"

"मालनबाई! बरं झालं आली. मले काढ बाई."

"काढते ना. पण आले कायले होते?"

"पीक पाहाले. म्हणलं गावात नवीन पीक आलं, आपण पाहू तं खरं."

"जाळं घेऊन?"

भय्याजीनं जाळ्याकडे असं पाहिलं जणू ते दुसऱ्याच कोणाचं होतं. मग जोर करून एक पाय उपसला. पायजमा चर्रकन फाटला.

"हालू नोका जी. हालसान तितकं थे धरते. आमचं पीक मोठं मायाळू हाये, आलेल्या पाव्हण्याले सोडत नाई." ती धुऱ्यावर टेकली. "आता पानं कापून वाट कराव लागन. अन् एकेक पान म्हणजे मायं नुकसान."

"पैसे देतो. किती पायजे थे सांग."

"पैसे नोको. एका पानामागं एक खरी गोष्ट सांगा. भोक कोणं पाडलं?"

"खेकड्यानं."

"बरं," असं म्हणून मालनबाईनं डबा उघडला. "मी जेवून घेते. तुमचं चालू द्या."

ऊन मी म्हणत होतं. भय्याजीच्या नाकावर माशी बसली आणि हात वर करायची सोय नव्हती, कारण सदऱ्याच्या दोन्ही बाह्या पानांत अडकल्या होत्या. त्यानं फुंकर मारून माशी उडवली. ती परत बसली.

"मी पाडलं," तो म्हणाला. "मी. कुदळीनं."

मालनबाई उठली, विळ्यानं एक पान कापून बाजूला ओढलं.

"दुसऱ्या डावानं?"

"थे बी मीच."

दुसरं पान गेलं. राहिलं ते मधलं, सगळ्यांत मोठं, त्याच्याच पोटऱ्यांना चिकटलेलं. मालनबाई विळा धरून विचार करत उभी राहिली. खरं तर तिचं विचारायचं सगळं विचारून झालं होतं.

"आता काय इचारू जी? मले तं काईच सुचून नाई राह्यलं."

पण भय्याजीचा धीर सुटला होता. त्याला वाटलं ही सगळं जाणून आहे आणि मुद्दाम छळते आहे. तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "धुऱ्याचा दगड! थो बी मीच सरकवला! दोन हात. तुया सासऱ्याच्या येळेस. आता तं काढ!"

मालनबाईचा हात तिथंच थांबला.

"थे तं मले मालूमच नव्हतं," ती हळूच म्हणाली.

तिचा सासरा मरेपर्यंत या धुऱ्यावर पावलं मोजत फिरायचा. म्हणायचा, बांधी आटली, दोन हात आटली. सगळे हसायचे. म्हणायचे, बुढ्याची टाच लांब झाली का काय. सगळ्यांत जास्त कोण हसलं असेल तर ही मालनबाईच, नवीन नवीन सून. म्हातारा तिच्याकडं पाहायचा आणि परत मोजायला जायचा.

पाळीवर होला घुमत होता. मग तिनं पान कापलं, एका झटक्यात, देठासकट.

"बाहेर निघा. अन् जाण्याआधी भोक बुजवा. तुमच्या हातानं."

भय्याजीनं फाटक्या पायजम्यानिशी, रक्ताळल्या पायांनी, ओंजळीओंजळीनं चिखल आणून भोक बुजवलं. वर पायानं तुडवून पक्कं केलं. मालनबाई पाहत उभी होती.

"दगड दोन दिवसांत जाग्यावर पायजे."

"ठेवीन. पण गावात बोलू नोको, मालनबाई. मी हात जोडतो."

"नाई बोलणार. मायाकडून शब्द."

भय्याजीनं जाळं लुंगीसारखं कमरेला गुंडाळलं, चपला घातल्या, चार पावलं गेला आणि थांबला. लोभ मोठा वाईट. "अन् माये रोहू?" त्यानं विचारलं.

"उतरून पाहा जी, अजून एक डाव."

दोन दिवसांनी तेजराम पहाटेच बांधीवरून धावत आला. "अव, आपली बांधी मोठी झाली! दगड सरकला!"

"चांगलं पीक आलं की जमीन फुलते," मालनबाई म्हणाली आणि चुलीत लाकूड सारलं. नवऱ्यालाही तिनं सांगितलं नाही. शब्द म्हणजे शब्द. पण काय सोसलं असेल तिनं! पाण्याला गेली, हसू यायचं. भाकर थापायला बसली, हसू यायचं. विहारात वंदनेला डोळे मिटले की फुंकर मारून माशी उडवणारा भय्याजी समोर उभा राहायचा आणि ती ओठ चावून बसायची.

कार्तिकात फळं पिकून पाण्यात फुटू लागली. बिया तळाशी चिखलात बसायच्या. सुमनबाईला आणि आणखी चारजणींना घेऊन मालनबाईनं निम्म्या बांधीतला चिखल टोपल्यांनी उपसला, पाण्यात हलवून धुतला. हाताला चिंध्या बांधल्या होत्या तरी बोटं सोलून निघाली. खाली राहिल्या त्या काळ्या, टणक, वाटाण्याएवढ्या बिया. उन्हात वाळवल्या तेव्हा दोन पोती भरली.

आणि मग कळलं की खरी गोम पुढंच आहे. बाजारात पांढरा मखाणा विकतो, काळी बी कोणी विचारत नाही. बी फोडायची कशी? रुचितानं मोबाइलवर दाखवलं. मालनबाईनं कढई तापवून पसाभर बिया टाकल्या. काही जळाल्या, काही तशाच राहिल्या, आणि एक बी अशी उडाली की तेजरामच्या कपाळावर बसली.

"मारलं व!" तो कपाळ धरून म्हणाला. "पयले काटे, आता गोळ्या! हे पीक हाये का पोलीस?"

रुचिताचाही चेहरा उतरला. "मॅडम, तुमी टेन्शन नोका घेऊ," मालनबाई म्हणाली. "मोबाइलले हात नसतेत. हातवालं माणूस पायजे."

ते माणूस साकोलीच्या बाजारात मिळालं. जनाबाई, सत्तरीची, चाळीस वर्षं भट्टीवर धानाच्या लाह्या फोडणारी. तिनं काळी बी दातांत धरली, चावून पाहिली, कानाशी हलवून पाहिली.

"धान एका आगीत फुटते," ती म्हणाली. "हे दोन आगीचं बियाणं हाये बाई. पयले भाजा. मंग टोपल्यात झाकून ठेवा, दोन-तीन दिवस. रुसू द्या त्याले. मंग दुसऱ्यांदा तापवा, अन् गरम हाये तवाच मारा. थंड झालं की थे आयकत नाई."

मालनबाईनं घरी येऊन बिया भाजून टोपल्यात झाकल्या, आणि तिसऱ्या दिवशी जनाबाई एसटीनं कोहळटोल्याला आली. मालनबाईच्या अंगणात चूल पेटली. जनाबाईनं तापल्या बिया पाटावर टाकल्या आणि लाकडी ठोकणीनं एक टोला दिला. टप्प! काळं कवच उडालं आणि पाटावर बगळ्याच्या पिसासारखं पांढरं, फुगलेलं फूल पडलं. मग टप्प, टप्प, टप्प. अंगणात जमलेल्या बायांचे हात आपोआप पुढं आले. तेजरामनं एक तोंडात टाकला, चघळला, डोळे मिटले.

"कसा हाये?" मालनबाईनं विचारलं.

"बरा हाये," तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी गावभर सांगू लागला की आमी मखाणा लावला.

साकोलीच्या किराणावाल्यानं होता तेवढा सगळा घेतला आणि अजून आहे का म्हणून विचारलं. ही बातमी वरपर्यंत गेली. आठवड्यानं साकोलीहून कृषी खात्याचे मोठे साहेब शिवारफेरीला आले. निम्मी बांधी अजून उभी होती. धुऱ्यावर सतरंजी, खुर्च्या, हार. आणि पहिल्या खुर्चीत अर्थातच भय्याजी, नव्या पायजम्यात. भाषणाला तोच उठला.

"साहेब, या पिकाले लोक हासले. पण म्या पयल्यापासून पाठबळ देल्लं. अन् खरं सांगतो, मालनबाईनंतर या गावात या पिकात कोण उतरलं असन, तं थो मी!"

मालनबाईनं पदर तोंडात कोंबला.

साहेब मात्र भारावले. "वा! मग भय्याजी, आजची काढणी तुमच्याच हातानं सुरू करू. उतरा. आम्ही फोटो घेतो."

भय्याजीचा हात पोटरीकडे गेला. न बोलायचा शब्द मालनबाईनं दिला होता. टोपलं पुढं करणार नाही असा काही तिनं शब्द दिला नव्हता. तिनं टोपलं पुढं केलं. "या जी भय्याजी. तुमाले तं वाट मालूम हाये."

सगळं गाव पाहत होतं. पानं पाण्यावर पसरली होती, शांत, मोठी, काटेरी. भय्याजी एक पाऊल मागं सरकला. "मायं टोंगळं... वात हाये," तो पुटपुटला.

"तं राहू द्या," मालनबाई लगेच म्हणाली. "भय्याजीचा मान उतरण्यात नाई साहेब, पाणी देण्यात हाये. पाळीखाली अकरा बायाइच्या खोलगट बांध्या हायेत, त्याइले मखाणा लावाचा हाये. उन्हाळ्यात तुडूम खोलून पयलं पाणी त्याइले देतो, असं भय्याजी आज सांगणार होते. हो ना जी?"

भय्याजी असं काही सांगणार नव्हता. त्यानं पाण्याकडे पाहिलं, टोपल्याकडे पाहिलं, साहेबांच्या मोबाइलकडे पाहिलं.

"हाव," तो म्हणाला. "पयलं पाणी बायाइले."

टाळ्या संपायच्या आत रुचितानं ते कागदावर लिहून त्याची सही घेतली. पोरगी नवी होती पण कच्ची नव्हती.

चार दिवसांनी विहारात त्या अकराजणींची मीटिंग भरली. कोणाला किती रोपं, नावं लिहिणं चालू होतं. तेवढ्यात दारात दुर्गाबाई उभी राहिली. भय्याजीची बायको. तीस वर्षांत ती या दारात कधी आली नव्हती. तिनं चपला काढल्या आणि सतरंजीच्या टोकाला येऊन बसली.

"मायं बी नाव लिहा. बोडीच्या कडेचा तुकडा मायाच नावानं हाये. त्याइनं कागदासाठी केला होता, पण नाव तं मायं हाये ना?"

सगळ्या मालनबाईकडे पाहू लागल्या. सुमनबाई जरा खोचकच म्हणाली, "बाई, काटे लागतेत बरं. झेपन का तुमाले?"

"काटे मले नवीन नाईत," दुर्गाबाई शांतपणे म्हणाली. "भादव्यात एक्केचाळीस काढले म्या. सुईनं."

मालनबाईनं मान खाली घातली.

"कोणाचे व?" सुमनबाई सरसावून बसली.

"आमच्या माणसाचे. आले अन् खाटेवर पालथे पडले. म्या इचारलं, कोठी गेले होते? म्हणे सायकलीवरून बोरीच्या झाडात पडलो. म्या सुई उलीशी आत घातली. तं म्हणे, थांब, खरं सांगतो. मंग म्या काय केलं, एका काट्यामागं एक गोष्ट इचारली. बाई, एक्केचाळीस काट्यात तीस वर्साचा संसार निघाला! मले मालूम नव्हतं थे बी निघालं." तिनं पदर सावरला. "ज्या पिकानं आमच्या माणसाले खरं बोलाले लावलं, थे मले बी पायजे."

मालनबाईचे खांदे हलायला लागले. भादव्यापासून पोटात कोंडलेलं हसू आधी नाकातून आलं, मग डोळ्यांतून, मग ती सतरंजीवर आडवीच झाली. कशाला हसते हे बायांना आधी कळेना. पण दुर्गाबाईनं तिच्याकडं एकदा पाहिलं, तिला कळलं, आणि मग तीही हसू लागली. मग सुमनबाईनं दोघींकडे पाहून हिशेब जुळवला, आणि विहाराच्या पत्र्यावरची कबुतरं उडून गेली.

रुचितानं हसता हसताच बारावं नाव लिहिलं.

"हासजा मंग मनभर," दुर्गाबाई डोळे पुसत म्हणाली. "पयले मले हे सांगा, रोपं कवा टाकाची?"